आफ्रिकेच्या वनयात्रेचा बेत

पलसाण्याच्या चौफुलीवर दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईकडे जातो. दुसरा बारडोली, व्यारा, नवापूर करीत धुळ्याला पोहोचतो. या भागातील मराठी कुटुंबांचा बहुतेक प्रवास आजवर याच दोन रस्त्यांनी झाला. लग्नकार्यासाठी खानदेशात, नाहीतर आप्तेष्टांकडे मुंबई-पुण्याला. अलीकडे मात्र दिवाळीच्या सुटीत आफ्रिकेला जाऊन सिंह-हत्ती पाहावेत, असा विचार काही घरांतून निघू लागला आहे. विचार उत्तम आहे. परंतु कित्येक वर्षांची शिल्लक एका आठवड्यात खर्ची घालणारा हा बेत असल्याने, विमानाचे भाडे विचारण्याआधी आणखी एक गोष्ट विचारावयास हवी. ती म्हणजे तेथील पावसाचे वेळापत्रक.

केनिया आणि टांझानिया या देशांतील प्राणी गवतामागे फिरतात व गवत पावसामागे. विल्डेबीस्ट हा हरणाच्या कुळातला, पण तोंडावळ्याने रेड्याची आठवण करून देणारा प्राणी. त्याचे लाखो पशूंचे कळप झेब्र्यांच्या सोबतीने वर्षभर एक मोठे वर्तुळ चालत असतात. जानेवारी ते मार्च ते टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिण भागात असतात. तेथेच फेब्रुवारीच्या सुमारास वासरे जन्मतात. मग ते वायव्येकडे व उत्तरेकडे सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात केनियातील मसाई मारामध्ये येतात. जाहिरातींतून मगरींनी भरलेली नदी ओलांडणाऱ्या कळपांचे जे चित्र दिसते, ते या चार महिन्यांतले. नोव्हेंबरच्या सरी सुरू झाल्या की कळप पुन्हा दक्षिणेची वाट धरतात.

आता आपल्या मुलांच्या शाळेचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहावे. मोठी सुटी मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी. तेव्हा तेथे मार्च ते मे हा दीर्घ पावसाळा नुकताच सरत असतो. वाटा चिखलाच्या, गवत उंच वाढलेले, त्यात बसलेला सिंह दिसावा कसा? निवासाचे दर तेवढे उतरलेले असतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मारामध्ये काही कळप गाठ पडण्याची आशा असते. नोव्हेंबरात आली तर ती बरीच मावळते. जुलै-ऑगस्ट हा खरा हंगाम, पण त्या वेळी शाळा ऐन भरात असतात. तात्पर्य, सुटी आणि कळप यांची गाठ क्वचितच पडते, आणि सहल ठरवून देणारा मनुष्य हे आपण होऊन सांगेलच असे नाही. मात्र सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडे हे बाराही महिने मारामध्येच राहतात. ज्यांना ते पुरेसे आहेत त्यांनी दिवाळीत खुशाल जावे. नदी ओलांडण्याचा देखावा मनात धरून जाऊ नये, इतकेच.

शाळेचे बंधन नसलेल्या निवृत्त दांपत्यांना आमचे सांगणे निराळे आहे. त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावे. हवा कोरडी असते, किलिमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या अंबोसेलीत हत्तींचे कळप दिसतात, आणि खर्चही कमी होतो. २०२४ पासून मसाई मारामध्ये परदेशी प्रौढास दररोज जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क आकारले जाऊ लागले. चार प्रौढांचे कुटुंब दिवाळीत तीन दिवस राहिले तर केवळ दाराशी २,४०० डॉलर मोजावे लागतील, फेब्रुवारीत १,२००. मुलांना सवलत असते. हे दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ते पुन्हा पाहावेत. शिवाय आपला तंबू अभयारण्याच्या आत आहे की बाहेर, आणि सांगितलेल्या रकमेत हे शुल्क धरले आहे की नाही, हे लेखी घ्यावे.

आपल्या लोकांना एका फेरीत तीन देश उरकण्याचा मोठा सोस. तो येथे टाळावा. नैरोबीहून मसाई माराचे अंतर पलसाण्याहून मुंबईइतकेच, अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु गाडीने पाच-सहा तास सहज जातात आणि शेवटचा टप्पा हाडे खिळखिळी करणारा असतो. दोन ठिकाणे आणि प्रत्येकी तीन रात्री, एवढे पुष्कळ झाले. वृद्ध आई-वडील बरोबर असतील तर एकच ठिकाण.

त्यांच्याच संदर्भात पीतज्वराच्या लसीचा विचार आधी करावा. ही लस प्रवासापूर्वी किमान १० दिवस टोचून घ्यावी लागते. ती कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. मुंबई, अहमदाबाद यांसारख्या शहरांतील सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि तेथे नाव आधी नोंदवावे लागते. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. केनियाहून परतताना तो जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. साठी उलटलेल्यांना, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना ही लस जपूनच द्यावी लागते, प्रसंगी देताही येत नाही. म्हणून आजोबांचे तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला. तिकीट काढल्यानंतर नव्हे. हिवतापाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारावे. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द करून ऑनलाइन प्रवास-अनुमती सुरू केली. ती निघण्यापूर्वीच हाती असावी.

जेवणाची चिंता मात्र फार नको. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग घातला गेला, त्यावर हिंदुस्थानातून नेलेले सुमारे ३२,००० मजूर राबले व जवळजवळ २,५०० तेथेच मरण पावले. १८९८ मध्ये त्साव्हो येथे नरभक्षक सिंहांनी याच मजुरांचे बळी घेतले. आज तेथे राष्ट्रीय उद्यान आहे. पाठोपाठ गुजराती व्यापारी गेले आणि गावोगाव त्यांची दुकाने झाली. त्यामुळे नैरोबीत शाकाहारी थाळी मिळते, आणि स्वाहिली भाषेत चपाती, चाय, गाडीसाठी गारी, दुकानासाठी दुका असे शब्द ऐकून आपल्या घरच्या मंडळींना गंमत वाटते. ‘सफारी’ तरी काय, आपल्या ‘सफर’चीच बहीण.

घरचा चिवडा आणि शंकरपाळे न्यावेत, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नव्हे. केनियात २०१७ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे व दंड जबर आहे. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या बऱ्या. स्वेटरही ठेवावा, नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंच आहे आणि उघड्या छताच्या गाडीतून पहाटे फिरताना चांगलीच थंडी वाजते.

हिशेब मांडून जमत नसेल, तर गीर आहे. ते १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते, म्हणजे दिवाळी आणि मे या दोन्ही सुट्यांत उघडे. २०२५ च्या गणनेत गुजरातमध्ये ८९१ सिंह आढळले. परवाने ऑनलाइन मिळतात, पण सुटीच्या दिवसांतले लवकर संपतात. तेव्हा दिवाळीचे परवाने खुले होताच काढावेत.