अहमदनगर कॉलेज : एका विलंबाची मीमांसा

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरच्या परिसरातून दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तथापि, पुढील सुमारे सात दशके या भागातील मॅट्रिक झालेल्या विद्यार्थ्यास पदवीशिक्षणासाठी जिल्ह्याबाहेर, म्हणजे पुणे, नाशिक अथवा मुंबई येथे जावे लागे. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) पहिले महाविद्यालय, अहमदनगर कॉलेज, १९४७ च्या जूनमध्ये स्थापन झाले. वस्तुतः याच नगरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते. जेथे ख्रिस्ती शिक्षणकार्य इतक्या आधी रुजले, तेथे महाविद्यालय उभे राहण्यास एकशे सोळा वर्षे का लागली, हा प्रश्न केवळ एका संस्थेच्या इतिहासाचा नाही. मातृभाषा आणि उच्च शिक्षण यांच्या परस्परसंबंधाचाही आहे.

हा विलंब अनास्थेतून उद्भवला, असे म्हणता येत नाही. १८३९ मध्ये नगरला आलेल्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ मध्ये नगरातच सुरू झाले. शिवाय मिशन चालविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचा उगमच महाविद्यालयीन वातावरणात झालेला होता. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये भरविलेल्या एका प्रार्थनासभेतून या चळवळीस चालना मिळाली आणि १८१० मध्ये बोर्ड स्थापन झाले. १८१३ मध्ये मुंबईस आलेले गॉर्डन हॉल हेही त्याच कॉलेजचे पदवीधर. लहान, निवासी, धर्मसंस्थेच्या आश्रयाने वाढलेली व सर्वांगीण शिक्षण देणारी अशी ती महाविद्यालये होती. ‘लिबरल आर्ट्स’ या संज्ञेचे मूळ लॅटिन असून तिचा अर्थ ‘स्वतंत्र मनुष्यास शोभणाऱ्या विद्या’ असा आहे. विशिष्ट व्यवसायासाठी माणूस तयार करणे हा या शिक्षणाचा हेतू नव्हे; त्याची विचारशक्ती मोकळी करणे हा होय.

मग हे बीज नगरच्या मातीत का पेरले गेले नाही? याचे प्रमुख कारण १८५४–५५ मधील धोरणात सापडते. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी त्या सुमारास हिंदुस्थान व सिलोन येथील ठाण्यांची पाहणी केली. मिशनचे मुख्य कार्य धर्मोपदेश व स्वावलंबी स्थानिक मंडळ्यांची उभारणी हे असून शाळा त्यास पूरक असाव्यात, आणि त्याही देशी भाषेच्या, असे त्यांचे मत होते. इंग्रजी शिकलेला तरुण आपल्या समाजापासून दुरावतो व नोकरीच्या मागे लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. जाफन्यातील नावाजलेली बट्टिकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली, ती याच धोरणामुळे. मराठी प्रदेशातही इंग्रजी शिक्षणावरील भर ओसरला. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ व मुंबईस जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी नेमका उलट मार्ग स्वीकारला होता.

अँडरसन यांच्या भूमिकेत देशी भाषेविषयी आदर होता, हे नाकारता येणार नाही. मराठी गद्यास व ग्रामीण प्राथमिक शिक्षणास तिचा लाभ झाला. परंतु ज्या काळात हे धोरण ठरले, तो काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. १८५४ मध्येच वूडचा खलिता आला व १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे पदवी हे प्रतिष्ठेचे व अधिकाराचे प्रवेशद्वार ठरू लागले, त्याच वेळी मिशनने त्या द्वाराकडे पाठ फिरविली. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार व मांग जातींतून आलेला होता. त्यातील बुद्धिमान मुलापुढे शाळामास्तर किंवा उपदेशक एवढेच ध्येय बहुधा उरले. मातृभाषेत आरंभ झाला, पण वरची पायरी उपलब्ध नव्हती. अशा स्थितीत मातृभाषेचा पुरस्कारही नकळत एक मर्यादा बनतो.

पुढे बोर्डाचे धोरण सैल झाले. जाफन्यात १८७२ मध्ये कॉलेज निघाले, तर मदुरा मिशनमधून १८८१ मध्ये अमेरिकन कॉलेजचा उदय झाला. नगरला मात्र १८७८ मध्ये स्थापन झाले ते ईश्वरविज्ञानाचे विद्यालय, महाविद्यालय नव्हे. मुंबईस विल्सन कॉलेज असणे आणि १८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मिशनची शक्ती अनाथसंगोपनाकडे वळणे, ही त्याची कारणे संभवतात.

अखेर महाविद्यालय स्थापन केले ते परदेशी मिशनऱ्याने नव्हे, तर अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती विद्वानाने. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ही संस्था निघाली, ही गोष्ट सूचक आहे. तिचे दार सर्व धर्मांच्या व जातींच्या विद्यार्थ्यांस खुले होते. मात्र विल्यम्स कॉलेजास असलेले अभ्यासक्रम ठरविण्याचे स्वातंत्र्य तिला नव्हते. संलग्नतेच्या पद्धतीत अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या हाती असत. प्रथम मुंबई आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर पुणे. म्हणून ‘लिबरल’ शिक्षणाचा आशय वर्गाबाहेर, वसतिगृहातील सहजीवनात, गुरुशिष्यांच्या निकट संबंधात आणि ग्रामीण समाजाच्या अभ्यासात शोधावा लागला. १९६२ मध्ये सुरू झालेले ग्रामीण विकास अध्ययन केंद्र हे त्या शोधाचे ठळक फल होय. खेड्यापासून तरुण तुटेल ही अँडरसन यांची भीती निराधार नव्हती. पण तिचे उत्तर उच्च शिक्षण नाकारण्यात नसून त्या शिक्षणाचे तोंड खेड्याकडे वळविण्यात होते.

१९६० मध्ये बेलापूरलगतच्या श्रीरामपुरात रयत शिक्षण संस्थेचे बोरावके महाविद्यालय निघाले, तर १९६१ मध्ये संगमनेरला महाविद्यालय सुरू झाले. पदवीशिक्षण आता तालुक्याच्या गावी आले. या विस्तारात अहमदनगर कॉलेजचे वैशिष्ट्य केवळ ज्येष्ठतेचे नाही. ज्या समाजास एका सद्हेतुक धोरणाने प्राथमिक शिक्षणापाशी थांबविले, त्याच समाजातील एका विद्वानाने पुढची पायरी बांधली आणि ती सर्वांसाठी बांधली, हे तिचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे. शिक्षणाच्या माध्यमाची चर्चा आजही होते. कोणत्या भाषेत शिकवावे, या प्रश्नाबरोबरच त्या भाषेतून विद्यार्थी किती उंचीपर्यंत जाऊ शकेल, हाही प्रश्न विचारला पाहिजे, एवढा बोध या इतिहासातून निश्चितपणे घेता येतो.