सिसिलियन बचाव : स्मिथ-मोरा गॅम्बिटला काळ्याने कसे उत्तर द्यावे?

झाशी असो वा सांगली, खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचाव खेळणाऱ्या नवोदिताची अनेकदा एकाच ठिकाणी फसगत होते. मुख्य प्रकारांची तयारी करून तो पटावर बसतो आणि प्रतिस्पर्धी आरंभीच प्यादे देऊ करतो. प्यादे पदरात पडते. पण वीस चालींच्या आत डाव हातून निसटतो.

फ्रान्सचे पिएर मोरा आणि अमेरिकेचे केन स्मिथ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार असा : १. ई४ सी५ २. डी४ सी×डी४ ३. सी३. काळ्याने सी३ वरील प्यादे मारल्यास पांढरा घोड्याने ते परत घेतो. एका प्याद्याच्या मोबदल्यात त्याला हत्तींसाठी सी आणि डी हे मोकळे स्तंभ, तसेच मोहरी बाहेर काढण्यात आघाडी मिळते. सी४ वरील उंटाचा रोख एफ७ या कमकुवत घरावर असतो.

काळ्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला नकाराचा : ३... घोडा एफ६ ४. ई५ घोडा डी५. येथे डाव शांत अशा अलापिन प्रकारात वळतो आणि आक्रमणाची धार बोथट होते. वेळ कमी असलेल्या डावात हा मार्ग अधिक सुरक्षित.

दुसरा स्वीकाराचा. त्यात ई६ या चालीने उंटाची वाट रोखावी, डी६ ने ई५ चा रेटा थोपवावा आणि ए६ ने घोड्याला बी५ वर येऊ देऊ नये. ‘सायबेरियन सापळा’ही ठाऊक असावा : ४. घोडा×सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ ई६ ६. उंट सी४ वजीर सी७ ७. किल्लेकोट घोडा एफ६ ८. वजीर ई२ घोडा जी४. आता ९. एच३ ही स्वाभाविक वाटणारी चाल घातक ठरते, ९... घोडा डी४ नंतर पांढरा एक तर वजीर गमावतो किंवा एच२ वर मात होते. मात्र सावध प्रतिस्पर्धी ९. घोडा बी५ खेळतो. म्हणून केवळ सापळ्यावर विसंबू नये.

१९७२ च्या सॅन अँटोनिओ स्पर्धेत खुद्द स्मिथ यांनी ही सुरुवात तीनदा योजली आणि तिन्ही डाव गमावले. अचूक बचावापुढे हे आक्रमण टिकतेच असे नाही. मिळालेले प्यादे जपण्याच्या हट्टापायी मोहरी मागे ठेवू नयेत. गरज पडताच ते परत करून राजा सुरक्षित करावा, हेच काळ्याचे खरे उत्तर.