चिंतेवरची गोळी : मनाने घेऊ नका, मनाने सोडूही नका

तालुक्याच्या गावचे एक निवृत्त गुरुजी. पत्नीच्या निधनानंतर त्यांची झोप उडाली, छातीत धडधडू लागले. डॉक्टरांनी 'अल्प्राझोलाम'ची पाव मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली. गुण आला. पुढे तीच जुनी चिठ्ठी दाखवून गुरुजी दोन वर्षे गोळ्या आणत राहिले. पावाची अर्धी आणि अर्ध्याची एक मिलिग्रॅम कधी झाली, हे त्यांनाही कळले नाही. आषाढीला पंढरपूरला जाताना गोळ्या घरीच राहिल्या. दुसऱ्या दिवशी हातपाय कापू लागले, दरदरून घाम सुटला. तिसऱ्या दिवशी त्यांना फिट आली. सोबतच्यांना वाटले, दगदगीने झाले असेल. खरे कारण होते एकदम बंद पडलेली गोळी.

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन असते. मेंदूच्या पेशींची अवाजवी धावपळ आवरणे हे त्याचे काम. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या एकाच गटातील गोळ्या गाबाचा जोर वाढवतात. त्यामुळे तासाभरात धडधड थांबते, मन शांत होते, झोप येते. मात्र ही गोळी रोज काही आठवडे घेतली की मेंदूला तिची सवय होते. पूर्वीचा डोस पुरेनासा होतो. गोळी एकाएकी थांबली, तर उतारावर ब्रेक सुटलेल्या गाडीसारखी मेंदूची अवस्था होते. अस्वस्थता, निद्रानाश, कंप आणि क्वचित जिवावर बेतणारे झटके येतात.

मग ही गोळी वाईट का? मुळीच नाही. तीव्र घबराटीत ती मोठा आधार देते. कायम चिंतेच्या विकारात डॉक्टर एसिटालोप्राम, सर्ट्रालिनसारखी औषधे देतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. तेवढे दिवस निभावून नेण्यासाठी ही गोळी जोडीला देतात. म्हणजे ती थोड्या दिवसांची सोबतीण आहे, जन्माची नव्हे.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) या गोळीबरोबर दारू कदापि नको. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके व कोडीनयुक्त खोकल्याची औषधेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो.

२) गुंगी असताना मोटारसायकल, ट्रॅक्टर वा मळणीयंत्र चालवू नये.

३) वयस्कर माणसे रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतात, खुब्याचे हाड मोडते. त्यांना डोस कमीच हवा.

४) गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल चालू असेल तर तसे सांगावे. त्यामुळे अल्प्राझोलाम रक्तात साचते. दोन्ही एकत्र घेऊ नयेत.

५) गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसेच दम्याचे किंवा यकृताचे रुग्ण यांनी आपली स्थिती आधी सांगावी.

६) आपली गोळी शेजारणीला देऊ नये. तिची धडधड थायरॉईडची वा रक्त कमी असल्याचीही असू शकेल.

२०१४ सालापासून हे औषध 'एच-१' यादीत आहे. दुकानदाराने चिठ्ठी पाहूनच ते द्यायचे आणि रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवायचे असते. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नका. तो आपल्याच हिताचे करतो.

बरेच दिवस गोळी चालू असलेल्यांनी हा लेख वाचून ती आजच फेकून देऊ नये! डॉक्टरांना खरा डोस सांगावा. ते दर एक-दोन आठवड्यांनी थोडीथोडी कमी करत नेतात. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसल्यास १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

आपल्या गुरुजींची गोळी पाच महिन्यांत सुटली. पहिले काही आठवडे झोपेने छळले. पण दुपारचा चहा बंद केला, पहाटे फिरणे सुरू केले आणि मुख्य म्हणजे पत्नीच्या आठवणी ते मुलाजवळ बोलू लागले. दोन वर्षांत हे कोणी त्यांना विचारलेच नव्हते.