पाटीवरचा ‘पहिला’ हा शब्द

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात रस्त्याकडेला इतिहास सांगणाऱ्या निळ्या पाट्या उभ्या आहेत. टायटसव्हिल गावच्या परिसरात या पाट्या आणि स्मारके एका विंधन विहिरीची आठवण जपतात. एडविन ड्रेक यांच्या या विहिरीला 27 ऑगस्ट 1859 रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर खनिज तेल लागले. तेलउद्योगाचा जन्म इथला मानतात. पाटीवर मोजकीच वाक्ये मावतात. न मावलेला इतिहास इथे पाहू.

तेलाचा शोध ड्रेक यांनी लावला नाही. तिथल्या ओढ्यावर तेलाचा तवंग पूर्वापार येत असे. ओढ्याचे नावच मुळी ‘ऑइल क्रीक’. तेलासाठी जमीन विंधणेही नवे नव्हते. कॅस्पियन समुद्राकाठी बाकू येथे 1840च्या दशकातच ते झाले होते. चीनमधील त्सेगोंगची मिठाच्या पाण्याची विहीर तर 1835 मध्येच हजार मीटरपेक्षा खोल गेली होती.

मग ड्रेक यांनी नवे काय केले? ओढ्याकाठची जमीन भुसभुशीत होती. भोक पाडावे, की पाणी शिरे आणि कडा ढासळत. त्यांनी ओतीव लोखंडाचा नळ ठोकत ठोकत 32 फुटांवरच्या खडकापर्यंत नेला आणि त्याच्या आतून छिन्नी चालवली. कडा ढासळणे थांबले.

पण या युक्तीलाही पूर्वज आहे. आजच्या वेस्ट व्हर्जिनियातील कनावा नदीकाठी डेव्हिड आणि जोसेफ रफनर या भावांना मीठ काढण्यासाठी दाट खारे पाणी हवे होते. वरच्या थरातले गोडे पाणी त्यात मिसळू नये म्हणून त्यांनी सिकॅमोर झाडाचा पोकळ बुंधा खडकापर्यंत उतरवला. पुढचे काम छिन्नीचे. लांब, लवचीक खांबाचे एक टोक पक्के करायचे, मध्ये टेकू द्यायचा आणि मोकळ्या टोकाला छिन्नी टांगायची. माणसाने टोक खाली दाबले की छिन्नी खडकावर आदळे. सोडले की खांब तिला वर उचले. असे अगणित ठोके देऊन 1808 च्या जानेवारीत, 58 फुटांवर त्यांना हवे ते पाणी मिळाले.

पुढे कनावाकाठी मिठाच्या भट्ट्यांची रांग लागली. तिथे राबणाऱ्यांत गुलामांची संख्या मोठी होती. पुढे शिक्षणकार्याने प्रसिद्ध झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी मुक्तीनंतर, लहानपणी, याच परिसरातील मीठभट्टीवर काम केले.

विंधनाचे हे कसब तेलापर्यंत पोचले ते कारागिरांच्या हातून. पिट्सबर्गजवळच्या टॅरेंटममध्ये सॅम्युअल कीअर यांच्या मिठाच्या विहिरींतून नको असलेले तेलही वर येई. ते बाटल्यांत भरून औषध म्हणून विकत. मिठाच्या विहिरींवर काम केलेले त्याच भागातील विल्यम स्मिथ, म्हणजे ‘अंकल बिली’, यांना ड्रेक यांनी बोलावले. स्मिथ हे लोहार. हत्यारे त्यांनी घडवली, छिन्नीही त्यांनीच चालवली. खडकात दिवसाला जेमतेम तीन फूट प्रगती होई. कंपनीचा धीर सुटला होता. काम थांबवण्याचे पत्रही निघाले होते. शनिवारी काम थांबवून सगळे घरी गेले. रविवारी स्मिथ यांनी नळात डोकावून पाहिले, तर तेल वर आलेले!

ड्रेक यांनी नळाच्या युक्तीचे पेटंट घेतले नाही. इतरांनी ती सर्रास वापरली. ड्रेक मात्र कंगाल झाले. 1873 मध्ये राज्याने त्यांना निवृत्तिवेतन दिले, 1880 मध्ये ते वारले. ‘कर्नल’ ही त्यांची पदवी सैन्यातली नव्हे. गावात वजन पडावे म्हणून कंपनीने पत्रांवर लिहायला सुरुवात केलेली.

ड्रेक यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. पाण्याने भरणाऱ्या जमिनीतून तेलापर्यंत पोचण्याची खात्रीची वाट त्यांनी दाखवली, आणि ती पाहताच लोकांची रीघ लागली. आठ वर्षांत, 1867 मध्ये, आसामातील माकूमजवळ विंधलेल्या विहिरीलाही 118 फुटांवर तेल लागले. म्हणजे ‘पहिला’ याचा खरा अर्थ ‘ज्याच्यामागून इतर गेले तो’ असा आहे. ‘ज्याच्याआधी कोणी नव्हते तो’ असा घेतला, तर रफनर, त्सेगोंगचे कारागीर आणि मीठभट्टीवरचे गुलाम एका शब्दात पुसले जातात.

टायटसव्हिलच्या दफनभूमीत ड्रेक यांच्या स्मारकावर 1901 मध्ये चार्ल्स नीहाउस यांचे ब्राँझशिल्प बसवले. त्यात ड्रेक नाहीत. हातोडा उगारून छिन्नीवर घाव घालणारा एक अनामिक विंधक आहे. पाटीवर न मावलेली बाजू तिथे धातूत उतरली आहे.