पडद्यामागचे मिरज

स्टॉक्टन-डार्लिंग्टन रेल्वेला २७ सप्टेंबर २०२५ रोजी दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त विलायतेत जे सोहळे झाले त्यांची छायाचित्रे वाचकांनी पाहिलीच असतील. तेव्हा तिचा अभियंता स्टीफन्सन याची कुळकथा येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. मला नवल वाटते ते निराळेच. ज्या देशाने आपल्या मुख्य मार्गांवरून वाफेला ऑगस्ट १९६८ मध्येच निरोप दिला, त्याच देशात घराच्या माळ्यावर, परसातल्या खोपटात आणि निजायच्या खोलीतल्या फळीवर ती वाफ अद्याप अखंड नांदते आहे. आणि सेवानिवृत्त गृहस्थ एखाद्या गतकालीन आडवळणाच्या स्थानकाची, त्याच्या दिव्याच्या खांबांसकट, वीतभर उंचीची प्रतिसृष्टी उभारण्यात आयुष्याची उत्तरार्धातली वर्षे आनंदाने वेचीत आहेत.

आपल्याकडेही हा छंद अगदीच अपरिचित नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहिले नाही असा शाळकरी मुलगा विरळा, आणि एका माणसाच्या चिकाटीचे ते फळ स्तुत्यच आहे. तथापि ते एक कल्पित नगर आहे. अमुक गावचे, अमुक सालचे स्थानक ते नव्हे. हौशी मंडळी विलायतेहून दोन-अडीचशे पौंडांचे इंजिन मागवितात आणि जकात भरून ते टेबलावर गोल गोल फिरवितात, त्यालाही माझी हरकत नाही. परंतु ब्रिटिश घडणीची एक वाफेची रेल्वे याच मातीत, कोल्हापूर दरबारच्या खर्चाने उभी राहिली असताना ती कोणी टेबलावर मांडलेली माझ्या पाहण्यात नाही, ही गोष्ट मात्र मला खटकते.

त्या रेल्वेचे नाव कोल्हापूर स्टेट रेल्वे. ३ मे १८८८ रोजी, अद्याप राज्याधिकार हाती न आलेल्या शाहू महाराजांच्या हस्ते तिच्या कामाचा आरंभ झाला आणि १८९१ साली मिरज ते कोल्हापूर ही सुमारे ४७ किलोमीटरांची मीटरगेज वाट वाहतुकीस खुली झाली. मालकी संस्थानची, चालविण्याचा करार सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे. पुढे महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाचा व्यापार रुळांच्या आश्रयाने वाढला.

आता हे सारे टेबलावर आणावयाचे तर पहिला तंटा मापाचा, आणि या तंट्यात विलायती लोकांनी करून ठेवलेला घोळ मोठा रसाळ आहे. युरोपात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७, असे माप ठरले व त्याला साडेसोळा मिलिमीटरांचा रूळ तंतोतंत बसला. इंग्लंडातील इंजिने मुळातच अंगाने लहान, त्यामुळे १९२०च्या दशकातल्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात; तेव्हा इंजिन तेवढे फुटाला चार मिलिमीटर या मापाने मोठे केले आणि रूळ तोच ठेवला! परिणामी ब्रिटिश छांदिष्टांची पिढ्यान्‌पिढ्यांची गाडी वास्तवापेक्षा सात इंचांनी अरुंद अशा रुळावरून निमूटपणे धावत आहे. ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला हे सोसवले नाही त्यांनी १८.८३ मिलिमीटरांचा शुद्ध पंथ काढला. शतांश मिलिमीटरावरून वैष्णव-शैवांइतके कडाक्याचे वाद घालणारी ही जमात आहे.

त्यांच्या या अडगळीत आपल्या उपयोगाची एक वस्तू पडून आहे. १९५७ साली ट्राय-अँग नामक कारखान्याने फुटाला तीन मिलिमीटर हे माप बाजारात आणले. दशकभरात त्याचा बोऱ्या वाजला आणि आज मूठभर निष्ठावंतच ते जपून आहेत. पण आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. तिला या तीन मिलिमीटरांनी गुणा. उत्तर येते नेमके साडेसोळा! जो रूळ इंग्रजांच्या मापाला कधीच धड बसला नाही, तो आपल्या रेल्वेला केसाचाही फरक न पडता बसतो. त्याच मापाने मीटरगेज ९.८४ मिलिमीटरांची होते, तिला बाजारातला नऊचा रूळ चालतो. अडीच फुटांची नॅरोगेज साडेसात मिलिमीटरांची होते, तिला साडेसहाचा, थोडी डोळेझाक करून, चालवून घेता येतो. आणि हे तिन्ही रूळ एकाच स्थानकात जेथे एके काळी नांदत होते ते गाव कोठले, हे दक्षिण महाराष्ट्रातील वाचकास सांगावयास नको.

मिरजेला नॅरोगेज आणणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप. या गृहस्थाविषयी मी थोडा पक्षपाती आहे. जी.आय.पी. रेल्वेच्या चाकरीत हिंदुस्थानात आलेल्या या अभियंत्याने असे प्रतिपादन केले की, इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही असा दंडक घातला तर हलक्या रुळांवरूनही भरघोस वाहतूक होऊ शकते. आणि लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्याने बार्शीसाठी बांधलेली इंजिने व डबे लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम घातलेल्या रुळांवर चालवून दाखविले. १८९७ साली बार्शीची गाडी सुरू झाली, १९०६ साली ती पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली, ज्या वर्षी कॅलथ्रॉप निवर्तला त्याच वर्षी, मिरजेला. मधल्या काळात बार्शीचा हा अनुभव गाठीस बांधून त्याने स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये उभारली. ती अवघी तीस वर्षे चालली. परंतु विलायतेतील नॅरोगेजप्रेमी आजही मोठ्या प्रेमाने तिच्या प्रतिकृती करतात. म्हणजे आपल्या बार्शीच्या धाकट्या भावंडाची पूजा तिकडे चालू आहे, आणि ज्या थोरल्या गाडीने वारकऱ्यांच्या पिढ्या पंढरीला नेल्या तिची इकडे दादफिर्याद नाही.

जागेचा प्रश्न उरतो. मिरज-कोल्हापूर अंतर तीन मिलिमीटरांच्या मापानेही सुमारे ४६० मीटर भरते. एवढा दिवाणखाना जुन्या राजवाड्यातही मिळणे कठीण. यावर सिरिल फ्रीझर या संपादकाने ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकातून जी तोड लोकप्रिय केली ती नाटकवाल्यांना तत्काळ पटेल. एक अंतिम स्थानक तेवढे प्रेक्षकांसमोर मांडावयाचे. गाडी तेथून निघाली की फळीआड, पडद्यामागे, चार-सहा समांतर रुळांच्या गुप्त आवारात जाऊन थांबते, तेथे हाताने तिचे डबे बदलावयाचे, आणि तीच गाडी नवे सोंग घेऊन रंगमंचावर पुन्हा प्रवेश करते. १९५७ साली त्याने काढलेला ‘मायनॉरीज’ नावाचा आराखडा आजही गिरविला जातो. कोल्हापूर हे जन्मतःच अंतिम स्थानक. सह्याद्री उतरून कोकणात जाण्याचे बेत पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच राहिले. प्रवाशाला जाचणारी ही गोष्ट प्रतिकृतिकाराच्या मात्र पथ्यावर पडते: कोल्हापूर समोर, मिरज पडद्यामागे. मात्र तिन्ही रुळांचा जो गणिती चमत्कार वर वर्णिला त्याचा मोह झालाच, तर पडदा दूर करून मिरजच पुढे आणावे लागेल. तेवढी खोली ज्याच्याकडे आहे त्याने ते अवश्य करावे.

साल कोणते निवडावे? कोल्हापूर मांडणाऱ्यास मी १९४४ म्हणेन. कंपनीचे नाव तोवर मद्रास अँड सदर्न मराठा झालेले, संस्थान अद्याप जिवंत, आणि मार्गावरच्या वळिवडे येथे महायुद्धाने देशोधडीला लावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी. मुंडासेवाला गूळव्यापारी आणि सोनेरी केसांची पोलिश मुले एकाच फलाटावर उभी करण्याची मुभा फारच थोडी साले देतील. छंदाला इतिहासाची जोड मिळते ती अशा तपशिलांत. सालाची निश्चिती नसलेली प्रतिकृती कितीही देखणी असली तरी ते खेळणेच होय, असे माझे मत आहे.

खरी वाफ मात्र या मापात विसरावी. बॉयलर लहान होत जातो तसतसे त्यातील पाणी घनाच्या प्रमाणात आणि उष्णता गमाविणारे अंग केवळ वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून पाणी पाहता पाहता निवते. हॉर्नबी कंपनीने २००३ साली चार मिलिमीटर मापाचे ‘मॅलार्ड’ इंजिन खऱ्या वाफेवर चालविले, तेही रुळांतून वीज देऊन पाणी तापविण्याची युक्ती योजून. आपण बारा व्होल्टची मोटार घालावी.

आणि ही मोटार ज्या कवचात बसवावयाची ते पितळी पत्र्याचे कवच करणार कोण, अशी शंका कोल्हापुरात तरी कोणी काढू नये. बाबुराव पेंटरांनी याच गावात स्वतः चित्रपटाचा कॅमेरा घडविला. उद्यमनगरात ऑइल इंजिने घडविणाऱ्या मिस्त्र्यांचे वारस आजही लेथवर उभे आहेत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या भोजनगृहात मेजावरून मद्य व सिगार वाटीत फिरणारी चांदीची आगगाडी पाहून आपण थक्क होतो. पण चांदीची नाजूक कारागिरी पाहावयास रुकडी-हातकणंगल्याच्या रेल्वेपासून फार दूर जावे लागत नाही, हुपरीतले पैंजण करणारे कारागीर त्याच टापूत आहेत. सहा मीटरांचा मालडबा तीन मिलिमीटरांच्या मापात साठ मिलिमीटरांहून किंचित कमीच भरतो, हे काम त्यांच्या बोटांना जड नाही. एका पैंजणात ते याहून अधिक डाग देतात.

आरंभ करावयाचा तर या मालडब्यापासूनच करावा, आणि त्यात गुळाच्या ढेपा भराव्यात. तीस किलोची ढेप या मापात जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटरांची होईल. तिला रंग कोणता द्यावयाचा, पिवळाधमक की तांबूस, यावर मात्र शाहूपुरीतल्या अडत्यांचे एकमत होईपर्यंत गाडी सोडता येणार नाही.