रूमवर बाग लावायचीय? आधी झाड तर निवडा!

रील्समधली ती बाग तुम्हीही पाहिली असेलच. पांढरे पाइप, जांभळा लाइट, हिरवंगार लेट्यूस, मधूनच लालचुटुक स्ट्रॉबेरी. आता जरा आपली रूम बघा. लातूरचा अंबाजोगाई रोड असो की नांदेडचं भाग्यनगर, दहा बाय दहाची खोली, एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. इथं काय येईल? महागडं किट घेण्याआधी हे ठरवा, नाहीतर दोन महिन्यांनी ते पलंगाखाली जातं.

हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यात झाड वाढवणं. बंद डब्यातलं पाणी जमिनीत मुरत नाही, त्यामुळे थोडक्यात भागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरकरांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण आपल्याकडे पाण्याइतकाच प्रश्न उन्हाचा. पाणी कोमट झालं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि मुळं सडतात. म्हणून लेट्यूस, पालक, कोथिंबीर यांचा हट्ट मार्च ते जूनमध्ये करूच नका. उष्णतेने ती लवकर तुऱ्यावर येतात, लेट्यूस तर कडू होतं. ही हिवाळ्याची मंडळी. कोथिंबिरीचे धणे मात्र आधी हलकेच रगडून दोन फाकी करून घ्या.

उन्हाळ्यासाठी माझी पहिली पसंती पुदिना. मंडईतून जुडी आणा, ताज्या काड्यांची खालची पानं काढा आणि साध्या पाण्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. बियाण्याचा खर्चच नाही! दुसरा सब्जा. हो, फालुद्यातलाच. पिझ्झावरचं बेसिल याच जातीचं, आणि त्याला ऊब आवडते. मेथीही सोपी, तीन-चार आठवड्यांत खुडता येते.

टोमॅटो, मिरची, स्ट्रॉबेरी? खिडकीतल्या उजेडावर फळं धरत नाहीत. गाजर-मुळ्याला तर बाटलीत जागाच नाही.

पंप घेऊ नका. लाइट गेली की तो बंद, आणि आपल्याकडे ती जातेच. दोन लिटरची बाटली घ्या, तोंडाशी जाळीचा कप आणि कोकोपीट. पाणी कमी होत जातं तशी वरची मुळं हवेत येतात आणि श्वास घेतात. म्हणून पुन्हा काठोकाठ भरायचं नाही. बाटलीला बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळ धरतं. दिवाळीला आठवडाभर गावी गेलात तरी झाड टिकतं.

बोअरचं पाणी जड असतं, म्हणून टीडीएस मीटरने एकदा मोजा. आकडा पाचशेच्या वर गेला तर जारचं पाणी मिसळा. खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या येतात. त्या थेट एकमेकींत ओतल्या तर साका बसतो, म्हणून एक पाण्यात नीट ढवळून मगच दुसरी. सुरुवातीला मात्रा निम्मीच.

खिडकी अगदीच अंधारी असेल तर २० वॉटची पांढरी एलईडी पानांपासून फूटभर वर लावा. रोज १४ तास म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटच्या आत. रूममालक विचारणारच, तेव्हा हा आकडा तोंडपाठ ठेवा. वर पुदिन्याची एक जुडी काकूंच्या हातात दिलीत, तर बोलणं आणखी सोपं जाईल.