महाराष्ट्राची लोकधारा

'महाराष्ट्राची लोकधारा' हा शाहीर कृष्णराव गणपतराव साबळे (१९२३–२०१५) यांनी रंगमंचावर आणलेला, महाराष्ट्रातील लोकगीते व लोकनृत्ये यांचा कार्यक्रम होय. ऐंशीच्या दशकात तो विशेष गाजला. मूळचा पोवाडे गाणारा कलावंत नृत्यप्रधान कार्यक्रमाकडे वळल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातले पसरणी हे साबळे यांचे गाव. साने गुरुजींच्या सहवासात व स्वातंत्र्य चळवळीत त्यांची शाहिरी घडली. राजा बढे यांचे गीत आणि श्रीनिवास खळे यांचे संगीत असलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' त्यांच्याच आवाजात घरोघरी पोहोचले; २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय' ही त्यांची मुक्तनाट्येही गाजली.

पोवाड्यात सर्व भार शब्दांवर असतो. शाहीर डफ घेऊन पुढे उभा राहतो, तुणतुणे व झांज साथीला असतात आणि सुरते 'जी जी' करीत पालुपद उचलतात. प्रसंग रंगला की शाहीर ताल थांबवून गद्यात बोलतो, श्रोत्यांना जाब विचारतो, पुन्हा गाऊ लागतो. नृत्याला हे थांबणे परवडत नाही. पावले ठेक्याला बांधलेली असतात. शिवाय चळवळीत वाढलेल्या शाहिरांपैकी अनेकांनी तमाशातील शृंगारिक नाचगाण्यापासून जाणीवपूर्वक अंतर राखले होते. त्यामुळे शाहिरी परंपरेच्या दृष्टीने हे वळण सोपे नव्हते.

काळ मात्र ठेक्याचाच होता. १९८२ च्या 'डिस्को डान्सर' चित्रपटानंतर डिस्को गल्लीबोळांत पोहोचला होता आणि स्वस्त ध्वनिफितींमुळे लग्नाच्या वरातींत व गणेशोत्सवात नाचण्याजोग्या गाण्यांची मागणी वाढली होती. लोकधारेने नाच स्वीकारला, पण तो गोंधळ, वाघ्या-मुरळी, वासुदेव, कोळीनृत्य यांतून घेतला. संबळ, दिमडी, ढोलकी यांचा ठेका कोणत्याही डिस्कोपेक्षा कमी नाचरा नाही, हे शहरी प्रेक्षकांना यानिमित्ताने नव्याने कळले. संत एकनाथांचे 'विंचू चावला' हे भारूड साबळे यांच्या गायनामुळे अतिशय लोकप्रिय झाले; त्यात अभिनय, नाच आणि उपदेश एकत्र नांदतात.

याची किंमतही होती. तासभर चालणारे कथन अशा कार्यक्रमात मावत नाही. विधी म्हणून रात्रभर चालणारा गोंधळ रंगमंचावर काही मिनिटांचा होतो, त्याचे यजमान प्रेक्षक बनतात. मात्र ज्यांनी गोंधळ कधी पाहिलाच नव्हता, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला, हेही खरे.

भरत जाधव, अंकुश चौधरी हे अभिनेते आणि साबळे यांचे नातू, दिग्दर्शक केदार शिंदे याच कार्यक्रमातून पुढे आले. साबळे यांना १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार व १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. 'माझा पवाडा' हे त्यांचे आत्मचरित्र. शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'महाराष्ट्र शाहीर' (२०२३) या चित्रपटात साबळे यांची भूमिका चौधरी यांनी केली. त्यातील सर्वांत गाजलेले गाणे पोवाडा नव्हे, तर 'बहरला हा मधुमास' हे प्रेमगीत ठरले. त्यावरील नृत्याच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर मोठ्या प्रमाणात पसरल्या.